घरचा काटा

थोरल्याने वेगळी चूल मांडली, त्या वर्षाची ही गोष्ट. या घरात सालं आकड्यांनी कधी लक्षात राहिली नाहीत. दुकानाचं छप्पर उडालं ते साल, थोरलीला काट्यावर उभं केलं ते साल, माईंनी सगळे दात काढून घेतले ते साल, असंच चालायचं.

थोरला गेला तो भांडून गेला. भांडण जागेचं नव्हतं की दागिन्यांचं नव्हतं. आबांनी उभा जन्म तराजू आणि काटे दुरुस्त करण्यात घालवला होता, आणि थोरल्याने नोकरी धरली ती बॅटरीवर चालणारे काटे विकणाऱ्या कंपनीत.

"त्या डबीत आकडा दिसतो," आबा म्हणाले होते, "पण तो आला कुठून ते दिसतं का? दांडी खोटं बोलली तर डोळ्यांना कळतं. डबी खोटं बोलली तर कुणाला कळणार?"

"गिऱ्हाइकाला आकडाच हवा असतो, आबा. त्याला काय दांडीशी लग्न करायचंय?"

त्या दिवसापासून बापलेक एकमेकांशी माईंच्या मार्फत बोलू लागले. भाजीत मीठ कमी आहे, हेसुद्धा. मग थोरल्याने दोन गल्ल्या सोडून खोल्या घेतल्या आणि तेवढंही संपलं.

त्याला परत घरात आणलं ते धाकट्याच्या मुलीने. तिला सगळे छटाक म्हणायचे. जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढीशी होती. घरात नवीन आलेलं माणूस आधी काट्यावर चढवायचं, ही आबांची जुनी खोड. त्यांनी तिला छोट्या तराजूच्या पारड्यात मऊ फडकं घालून ठेवलं, दांडीकडे बघितलं आणि म्हणाले, "ही तर छटाकभर!" खरं नाव कागदावर राहिलं. पुढे ती रांगायला लागली तीही दुकानातच. इतर मुलं बाहुल्यांशी खेळतात, ही वजनांशी खेळायची. पाच किलोचं वजन बाबा, दोन किलोचं आई, एक किलोचं काकू. पन्नास ग्रॅमचं पितळी वजन म्हणजे ती स्वतः. काकू एक किलोची का, असं विचारलं तर म्हणायची, "कारण ती सारखी दुसऱ्यांच्या घरी जाते. उचलायला हलकी पाहिजे."

सहाव्या वर्षी तिला रक्ताचा आजार निघाला. दूरच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात दोनदा नेलं, दोनदा ती औषधं अंगात सोडली. केस गेले, तोंड आलं, हाताला शीर सापडेना. दुसऱ्या खेपेनंतर डॉक्टरांनी धाकट्याला आणि धाकटीला समोर बसवून सांगितलं, "महिनाभर घरी न्या. खाऊपिऊ घाला. वजन वाढलं तर परत आणा, तिसऱ्यांदा औषध देऊन बघू. पण घटलं तर आणू नका. अंगात ताकद नसताना दिलं तर आजाराआधी औषधच तिला नेईल."

मग दर रविवारी सकाळी दुकान बंद ठेवून छटाकला मोठ्या काट्यावर चढवायचं ठरलं. थोरला आणि थोरली त्यासाठी दोन गल्ल्या ओलांडून यायला लागली. बापलेक अजून बोलत नव्हते, पण एका छपराखाली उभे तरी राहत होते.

आणि वजन वाढत होतं.

---

त्या महिन्यातला शेवटचा रविवार. बॅग भरून दाराशी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघायचं होतं.

धाकटी मुलीला दूध पाजत होती. पाजत होती म्हणजे युद्धच होतं.

"अजून दोन घोट."

"पोटात जागा नाही."

"जागा असते. तू सरकवून बघ."

"सरकवली. तिथे सकाळचा पाव बसलाय."

धाकटी हसली नाही. महिनाभर ती हसणं विसरलीच होती. तिने पेला पुन्हा ओठाला लावला. छटाकने डोळे मिटून दोन घोट घेतले, तिसरा तोंडात धरून ठेवला आणि आईची पाठ वळताच फडक्यात सोडून दिला.

मुलीचे खांदे धाकटीच्या तळव्याला टोचत होते. आंघोळ घालताना बरगड्या दिसायच्या. पण तिने हातांचं ऐकायचं सोडून दिलं होतं. हात आईचे, घाबरट. काटा आबांचा. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा बाजारातले लोक तिला सांगायचे, "त्यांच्याकडचा काटा म्हणजे काटा! दोन व्यापाऱ्यांचं भांडण लागलं की पोतं उचलून तिथे नेतात." तोच काटा सांगत होता की मुलगी वाढतेय. मग बरगड्यांचं काय ऐकायचं?

"दे इकडे तिला," माई आल्या. "रविवारचा फ्रॉक मी घालणार."

तो फ्रॉक माईंनीच शिवला होता, निळा, मोठ्या घेराचा. रविवारी तो चढवायचा मान त्यांचा. कुणाला हात लावू देत नसत.

"माई, हा फ्रॉक मला खाली ओढतो," छटाक म्हणाली.

"चांगलं कापड जडच असतं. हलकं कापड हलक्या माणसांना."

"मग मी तर हलकीच आहे."

"गप. तोंड किती चालतं बघा. हात वर कर."

---

थोरला दुकानात शिरला तेव्हा त्याच्या काखेत एक खोकं होतं. मागून थोरली.

दुकानाचा वास त्याला दर वेळी गाठायचा. तेल, लोखंडाचा कीस, पितळ घासायची माती. भिंतीवर दांड्या टांगलेल्या, त्यांच्या खाली साखळ्यांसकट पारडी. लहानपणी तो आणि धाकटा या पारड्यांत समोरासमोर बसायचे. धाकटा नेहमी वर जायचा आणि रडायचा. मग आबा गुपचूप धाकट्याच्या पारड्यात एक वजन ठेवायचे. तो काळ आठवला की थोरल्याचा राग अर्धा उतरायचा. उरलेला अर्धा आबांचं तोंड बघितलं की परत चढायचा.

"या, व्यापारी," माई म्हणाल्या. "खोक्यात काय आणलंस? खाऊ?"

"काटा आणलाय."

आबा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. त्यांनी हातातली कानस बाजूला ठेवली.

"आधी आपल्या काट्यावर," धाकटा घाईने म्हणाला. "चल ग, चढ."

छटाक मोठ्या काट्याच्या फळीवर चढली. बूट काढून, हात अंगाला चिकटवून, शाळेत प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी. धाकट्याने दांडीवरचं सरकतं वजन हळूहळू पुढे ढकललं. दांडी वर, खाली, वर, मग अधांतरी थांबली.

"पंधराच्याही वर!" धाकटी ओरडलीच. "गेल्या वेळेपेक्षा जास्त! माई, बघितलंत?"

"बघितलं हो, बघितलं."

"दवाखान्यातून निघाली तेव्हा चौदा होती. चौदा!"

थोरल्याने मुलीकडे बघितलं. रोज त्याच्यासमोर माणसं, पेट्या, पोती काट्यावर चढत. बघून अंदाज बांधायची सवय लागली होती, आणि तो फारसा चुकत नसे. मुलीचे गाल आत गेलेले होते. मानेवर फ्रॉकचा गळा लोंबत होता. हे पंधरा नव्हते. पण धाकटीचा चेहरा बघून त्याने शब्द गिळला. मग त्याला वाटलं, आपण गिळला तरी उद्या दवाखान्यातलं कुणीतरी बोलणारच आहे.

"एकदा याच्यावरही बघू," तो म्हणाला आणि खोकं उघडलं. "तिकडे दवाखान्यात असाच असतो. आकडा थोडा इकडेतिकडे आला तर तिथे गोंधळ नको."

"नाही," आबा म्हणाले.

कित्येक महिन्यांनी आबा त्याच्याशी थेट बोलले होते, आणि तो शब्द 'नाही' होता.

"का नाही?"

"माझ्या दुकानात ती डबी लागणार नाही."

"आबा, पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे. इथे तरी तुमचं-माझं नको."

"तुझं-माझं नाही. मी नाही म्हटलं."

"माई, सांगा त्यांना."

"मला मध्ये ओढू नका," माई म्हणाल्या. त्या एकाएकी फार बारकाईने पदर नीट करू लागल्या होत्या.

"दादा, राहू दे ना," धाकटाही म्हणाला. "उद्या होईलच की तिथे."

थोरला चकित झाला. धाकटा नेहमी त्याच्या बाजूने असायचा, उघड नाही तरी डोळ्यांनी. आज तोही तिकडे.

बाजूने उभी राहिली ती धाकटी.

"आबा, बघू द्या की. उद्या त्याच्यावरच तिला उभी करणार आहेत. मला इथेच बघायचंय. भीती कसली? वाढलंय तर वाढलेलंच दिसेल."



---

आबांना आठवत होतं ते पहिल्या रविवारचं. मुलीला घरी आणून आठवडा झाला होता. काट्यावर चढवली आणि वजन घटलं. फार नाही, थोडंच. पण सून जागच्या जागी खाली बसली. त्या दिवशी ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. माई म्हणाल्या, "पोरीच्या आधी हीच जायची." मग शनिवारी दुपारी दुकानात कुणी नसताना आबांनी मोठ्या काट्याचा मागचा पेच थोडासा फिरवला. रिकाम्या दांडीचा तोल राखायचा तो पेच. पाव किलोची लबाडी, त्याहून जास्त नाही. उभ्या जन्मात पहिली. दुसऱ्या दिवशी सुनेने भात मागून घेतला.

त्यानंतर ते त्या काट्याजवळ गेले नाहीत. रोज सकाळी दुकान उघडल्यावर प्रत्येक काटा तपासायचा त्यांचा नेम. त्या एका काट्याला वळसा घालू लागले. रविवारचं वजनही धाकट्यालाच करायला सांगितलं, "माझे डोळे बारीक खुणा धरत नाहीत," म्हणून. पुढच्या रविवारांना वजन आणखी वाढत गेलं तेव्हा त्यांना वाटलं, आपण एकदाच फसवलं, पुढचं खरंच असेल. देवाला लाज वाटली असेल.

दवाखान्यात दुसरा काटा असतो हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. पन्नास वर्षं जगातले सगळे काटे याच काट्यापाशी येऊन आपलं खरंखोटं करून घेत होते. याला खोटं पाडणारा काटा कुठे असेल, असं त्यांना कधी वाटलंच नाही.

थोरल्याने डबी जमिनीवर ठेवली. छटाक चढली. लाल आकडे थरथरले आणि थांबले.

सगळे वाकले. तेरा, आणि वर थोडंसं.

"सपाट जागेवर नसेल," धाकटी म्हणाली. "भाऊजी, सरकवा ना."

थोरल्याने सरकवली. तेरा, आणि वर थोडंसं. मग तो स्वतः चढला, आकडा बघितला आणि उतरला.

छटाकला आकडे वाचता येत होते. दुकानात वाढलेली पोर. तिने खाली बघितलं, मग मोठ्या काट्याकडे, मग आजोबांकडे.

"हा खोटा आहे ना, आबा? नवीन आहे म्हणून."

 थोरला बापाकडे बघत होता. हो म्हणाले असते तर कुणी आडवं आलं नसतं. तोसुद्धा नाही.

"नाही बाळ," आबा म्हणाले. "तो खरा आहे. आपलाच बिघडलाय."

ज्या वाक्यासाठी थोरला घर सोडून गेला होता ते वाक्य हे. ते ऐकून त्याला कुठेतरी लपावंसं वाटलं.

"आबा?" धाकटी म्हणाली.

"मी बिघडवला. मागचा पेच. तू जेवत नव्हतीस म्हणून." मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. हाताला हिशोबाची सवय, ती अशा वेळीही सुटेना. "पण पाव किलोच. हा फरक तर दोन किलोच्या घरात आहे. एवढा नाही मी... एवढा नव्हता केला."

ते उठले. त्यांनी दांडीवरचं सरकतं वजन काढून तळहातावर घेतलं, एकदा वर-खाली केलं. त्यांना ते उलटं करायची गरजच नव्हती, तरी केलं. तळाला भोक होतं. आतलं शिसं कोरून काढलेलं आणि तोंड मेणाने बुजवलेलं.

"हे कुणाचं काम?"

धाकट्याने भिंतीवरच्या पारड्यांकडे बघितलं.

"अरे बोल की!"

"माझं."

"कधी?"

"तुम्ही वजन करायला मला सांगितलंत तेव्हापासून. दर आठवड्याला थोडं थोडं."

"आणि पेच बघितला नाहीस? आधी रिकामी दांडी बघायची, हे शिकवलं नव्हतं तुला?"

"तुमचा काटा कोण तपासणार, आबा?"

थोरलीच्या तोंडून हसू फुटलं. हसायचं नव्हतं तिला. तिने तोंडावर हात दाबला आणि हसू हुंदक्यासारखं बाहेर आलं.

"थांबा," माई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "ते तेरासुद्धा खरे नाहीत."

त्यांनी खाली बसून छटाकच्या फ्रॉकचा घेर हातात घेतला, दुमडलेली किनार दाताने तोडायला गेल्या, मग दात नाहीत हे आठवून बोटांनीच ओढली. शिवण उसवली. शिशाचे छोटे तुकडे टपटप फरशीवर पडले. पारडी सारखी करायला दुकानात ठेवलेले तेच तुकडे. मूठभर होते.

"तिला वाईट वाटायचं," माई म्हणाल्या. "मला म्हणाली, माई, मी वाढत नाही म्हणून आई रडते."

छटाक गिरकी घेऊन बघत होती. "आता नाही ओढत," ती खूश होऊन म्हणाली. मग तिला काहीतरी सुचलं. "म्हणजे मी वाढले नाही?"

"नाही," धाकटीनेच उत्तर दिलं.

"मग उद्या जायचं नाही? सुया नाहीत?"

धाकटी वळून स्वयंपाकघरात गेली. छटाकने ते उत्तर समजून घेतलं. फळीखालचं पितळी वजन उचललं आणि ते दोन किलोच्या शेजारी नेऊन ठेवलं, आणि दोघांचं काहीतरी बोलणं सुरू केलं.

---

थोरलीला या स्वयंपाकघरात पाय टाकून बरेच महिने झाले होते. धाकटी ओट्याला पाठ लावून उभी होती. नळ चालू होता. थोरलीने आधी तो बंद केला.

दोघी जावांचं कधी फार गूळपीठ नव्हतं. थोरली या घरात नवी नवरी म्हणून आली तेव्हा सासऱ्यांनी सगळ्या पाहुण्यांसमोर तिला पोत्यांच्या काट्यावर उभं केलं होतं, आणि वजन मोठ्याने सांगितलं होतं. धाकटीच्या वेळी काट्यावर चढायला सांगितलं तर ती खुशाल हसत चढली, आणि वर म्हणाली, "माहेरच्या जेवणाचं आहे हे, इथे आल्यावर किती राहतंय बघू." सगळे हसले. थोरलीला ते तेव्हापासून लागून राहिलं होतं.

"पाणी पी," ती म्हणाली.

"ताई, मी तिला मारत होते."

"काहीतरी काय बोलतेस?"

"वाढतंय म्हणून मी आणखी भरवत होते. ती ओकायची. मी तोंड धुऊन परत भरवायची. म्हणायची, आई पुरे. मी म्हणायचे, काटा बघ, काटा काय सांगतो बघ. महिनाभर मी तिच्याशी दुसरं काही बोललेच नाही. गोष्ट सांगितली नाही. नुसते घास. अजून एक, अजून एक." तिने हात ओट्यावर आपटला. "यांना सगळ्यांना माझी दया आली. पण त्या दयेचे घास कोण गिळत होतं?"

थोरली जवळ सरकली. तिने धाकटीचा हात धरला आणि ओट्यावर दुसऱ्यांदा आपटू दिला नाही.

तेवढ्यात आबा दारात आले. मागे थोरला, त्याच्या मागे धाकटा. स्वयंपाकघराचं दार अरुंद, तिघे एकामागे एक अडकल्यासारखे.

"हे बघ," थोरला म्हणाला, "उद्या निघायचंच. मी येतो बरोबर. मी बोलतो डॉक्टरांशी. मोठमोठ्या लोकांना काटे विकतो मी, एका डॉक्टरला पटवता येणार नाही? अर्धंच औषध द्या म्हणू. काहीतरी मार्ग असेलच."

"दादा म्हणतो ते बरोबर आहे," धाकटा म्हणाला. "इथे बसून काय करायचं?"

"जा सूनबाई," आबा म्हणाले. "माझ्या चुकीपायी पोरीची संधी जायला नको. हवं तर मी जाऊन त्यांचे पाय धरतो."

महिनाभर जायचं म्हणून सगळ्यात जास्त हट्ट धाकटीने धरला होता. बॅग तिनेच भरली होती. आता तिघे पुरुष एकमुखाने जा म्हणत होते, आणि त्यातले दोघे तर कैक महिन्यांनी एकमेकांशी सहमत होते.

"नाही न्यायचं," ती म्हणाली.

"अगं पण—"

"डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हीही ऐकलंत. मी शेजारीच बसले होते. घटलं तर आणू नका. घटलंय."

"प्रयत्न तरी करायला हवा ना," धाकट्याचा आवाज फुटला. "उद्या वाटायला नको, की आपण बसून राहिलो."

"तुम्हाला वाटू नये म्हणून तिला सुया टोचायच्या?"

"तू आई असून असं बोलतेस?"

"अहो, भाऊजींना सांगा," थोरली मध्येच नवऱ्याला म्हणाली, "आईला असं विचारत नाहीत."

"तू मध्ये पडू नकोस."

"पडणार. ती तुमची गिऱ्हाईक नाही, पटवायला. अर्धंच द्या म्हणे! पोर आहे की पोतं?" तिने धाकटीकडे बघितलं. "तू सांग. आम्ही तू म्हणशील तसं करू. हे पण करतील."

थोरल्याने बायकोकडे बघितलं आणि खोकं बंद करावं तसं तोंड बंद केलं.

 बाहेरून छटाकचा आवाज येत होता. ती पन्नास ग्रॅमच्या वजनाला झोपवत होती आणि ते झोपत नव्हतं.

"ती इथे राहील," धाकटी म्हणाली. "दुकानात. तिला आवडतं तिथे. हवं ते खाईल, नको ते नाही. तिला कुणी परत काट्यावर चढवायचं नाही. आणि तिने काही विचारलं तर खरं सांगायचं. मलाही. मी जेवले नाही तर नाही जेवले, माझं मी बघेन. पण परत माझ्यासाठी कुणी खोटं मोजायचं नाही. आबा, तुम्हीसुद्धा."

"नाही मोजणार," आबा म्हणाले.

"तुमच्या काट्यावर मी माझ्या हातांपेक्षा जास्त विश्वास ठेवला होता."

आबांनी मान खाली घातली. ते दारातून मागे सरले तेव्हा त्यांचा हात आधारासाठी मागे गेला, आणि तो थोरल्याच्या दंडावर पडला. थोरल्याने दंड तसाच राहू दिला.

---

बॅग धाकट्याने त्याच दुपारी उपसली. एकेक कपडा घडी मोडून परत घडी घालत राहिला. माईंनी निळा फ्रॉक धुवून उसवलेली किनार परत शिवली, हलकी. दुसऱ्या दिवशी उजाडता आबांनी मोठा काटा दुकानाच्या मधोमध ओढला आणि थोरल्याला निरोप पाठवला. या वेळी माईंच्या मार्फत नाही. बापलेकांनी मिळून पेच सरळ केला, शिसं वितळवून वजनाच्या पोटात परत ओतलं. धाकटा बाजूला उभा राहून बघत होता. थोडं जास्त पडलं तेव्हा थोरला म्हणाला, "कानस द्या." आबांनी दिली.

पुढचे दिवस घरात अजून आठवतात. दुःखाचे म्हणून नाही, हेच नवल. दुकानाच्या गल्ल्याशेजारी गादी घातली होती. छटाक तिथे पडून गिऱ्हाइकांशी बोलायची. ज्याचा तराजू दुरुस्तीला आला असेल त्याला विचारायची, "कुणाला फसवत होता?" धान्यवाला एकदा इतका ओशाळला की त्याने खरंच सांगून टाकलं. धाकटी रोज संध्याकाळी गोष्ट सांगायची. तिला गोष्टी फार येत नसत, एकच फिरवून फिरवून सांगे, आणि छटाक चुका काढायची: "काल राजाला तीन राण्या होत्या." "एक माहेरी गेली." "कधी परत येणार?" "तुझी काकू आली की नाही परत? तशी येईल."

थोरलीने दोन गल्ल्यांपलीकडच्या खोल्यांना कुलूप लावलं. नवऱ्याला विचारलंही नाही. दुपारी ती आणि धाकटी ओट्यावर एकमेकींशेजारी बसून भाजी निवडायच्या आणि सासूच्या आणि नवऱ्यांच्या नकला करायच्या. त्या हसण्याचा आवाज दुकानापर्यंत यायचा. माई तिकडून ओरडायच्या, "माझी नक्कल करताय, मला ऐकू येतंय!" मग आणखी हसू.

छटाक कधी दोन घास खायची, कधी नाही. कुणी पेला पुढे करत नसे. एकदा तिने स्वतःहून साखर घातलेलं दूध मागितलं आणि अर्धं पिऊन उरलेलं आबांना दिलं. आबांनी ते तिच्यासमोर पिऊन टाकलं. त्यांना दूध कधीच सोसत नसे.

शेवटी शेवटी तिला बसवत नव्हतं. धाकटा तिला उचलून दुकानभर फिरवायचा, भिंतीवरच्या दांड्या एकेक करून दाखवायचा, ही कुणाची, ती कुणाची. एके संध्याकाळी तिने विचारलं, "बाबा, मी मरणार का?" धाकट्याने बायकोकडे बघितलं. धाकटी म्हणाली, "हो बाळ." छटाक आईकडे वळून म्हणाली, "तू असशील ना तिथे, मी मरेन तेव्हा?"

"मी असेन. माझ्या मांडीवरच असशील तू."

"बरं," छटाक म्हणाली, आणि पुढच्या दांडीकडे बोट केलं.

थोरल्याने वेगळी चूल मांडली आणि मोडली त्याच वर्षी, थंडी सरता सरता, एका मंगळवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, धाकट्याची आणि धाकटीची एकुलती एक मुलगी छटाक आईच्या मांडीवर गेली. तिला सहा वर्षं पूर्ण होऊन सातवं चालू होतं.